इटलीची जुनी शहरं निवांत पाहायची तर: फ्लॉरेन्स, सिएना, लुक्का आणि व्हेनिसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान टूर कंपनीच्या बसने न जाता स्वतः आखणी करून जाणाऱ्यांसाठी आहे. दिलेले दर २०२५ च्या आसपासचे आहेत. ते दरवर्षी थोडेफार वाढतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या-त्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.

आखणी

दहा दिवसांत किती शहरं बसतात?

मुक्कामाची तीन. चार केलीत तर एक पूर्ण दिवस बॅगा भरणं, स्टेशन गाठणं आणि नव्या हॉटेलची खोली मिळेपर्यंत ताटकळणं यातच जातो. एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्याचा गाडीतला वेळ दोन तास दिसत असला, तरी दारापासून दारापर्यंत पाच तास धरा.

चांगली बसणारी विभागणी अशी: फ्लॉरेन्स चार रात्री (त्यातला एक दिवस लुक्काला जाऊन-येऊन), सिएना दोन रात्री, व्हेनिस तीन रात्री. विमान रोमला उतरणारं आणि व्हेनिसहून परत निघणारं घ्या. एकाच प्रवासाचं तिकीट काढताना ‘मल्टी-सिटी’ पर्याय निवडला की असं तिकीट मिळतं आणि ते बहुतेक वेळा रोमला उतरून रोमहूनच परतण्याच्या तिकिटाइतक्याच किमतीत पडतं. परतण्यासाठी पुन्हा रोमपर्यंत चार तास मागे यावं लागत नाही.

जुन्या भागातच राहायचं का? बाहेर हॉटेलं निम्म्या दरात दिसतात.

जुन्या भागातच राहा, मग त्यासाठी एक शहर गाळावं लागलं तरी चालेल. या सगळ्या पानावरचा एकच सल्ला मनावर घ्यायचा असेल तर हा घ्या.

कारण सरळ आहे. व्हेनिस, सिएना किंवा फ्लॉरेन्समधली गर्दी ही मुख्यतः दिवसाच्या पाहुण्यांची असते. क्रूझ, सहलीच्या बस आणि बाहेर राहणारे प्रवासी साधारण साडेनऊ-दहाला येतात आणि पाच-सहाला परततात. सकाळी सातला व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात सफाई कामगार आणि शाळेला निघालेली मुलं दिसतात. अकराला तिथे पाय ठेवायला जागा नसते. बाहेर राहणाऱ्याच्या वाट्याला नेमके गर्दीचेच तास येतात. व्हेनिसबाहेरच्या मेस्त्रेमध्ये राहिलात तर रेल्वेने दहाच मिनिटं लागतात हे खरं. पण रात्री जेवून परत स्टेशन गाठायचं म्हटलं की माणूस आठलाच घड्याळ पाहायला लागतो, आणि दिवे लागल्यानंतरचं व्हेनिस हातचं जातं.

कोणत्या महिन्यात जावं? मुलांच्या सुट्ट्या एप्रिल-मेमध्ये असतात.

मग तुमचं नशीब चांगलं आहे. एप्रिलचा शेवट ते मेचा तिसरा आठवडा हा तिथला सर्वात सुखद काळ: दिवस मोठा, हवा गार, संध्याकाळी एक पातळ जॅकेट पुरतं. फक्त २५ एप्रिल आणि १ मे या राष्ट्रीय सुट्ट्या आहेत. त्या दिवशी गाड्या आणि चौक स्थानिकांनी भरून जातात. ईस्टरचा आठवडाही टाळा.

जुलै-ऑगस्टमध्ये फ्लॉरेन्स तापतं. शहर डोंगरांच्या वाटीत बसलेलं आहे, वारा लागत नाही, दगडी रस्ते रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतात आणि पारा ३५ च्या वर जातो. त्यात १५ ऑगस्टच्या सणाच्या आसपास कुटुंबं चालवत असलेली खानावळ-दुकानं आठवडा-पंधरवडा बंद असतात.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि पाचच्या सुमारास सूर्य मावळू लागतो. नोव्हेंबरात पाऊस असतो, व्हेनिसमध्ये भरतीचं पाणीही चढतं. पण संग्रहालयं रिकामी मिळतात आणि खोल्यांचे दर उतरतात.

व्हिसा

इटलीचा व्हिसा कधी आणि कुठे काढायचा?

इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना एकत्र चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात अडथळा अर्जाचा नसून भेटीच्या वेळेचा असतो. उन्हाळी सुट्टीसाठी मुंबईतल्या व्हीएफएस (दूतावासाच्या वतीने अर्ज घेणारी कंपनी) केंद्राच्या वेळा फेब्रुवारीतच भरू लागतात. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या इटालियन वाणिज्य दूतावासाकडे जातात.

शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहाच्या आतल्यांना नाही. त्यावर केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पासपोर्ट मागच्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि पूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी लागतो.

अर्ज कशामुळे नाकारला जातो?

बहुतेकदा कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून. हॉटेलच्या आरक्षणात एका रात्रीची फट असते; विमा विमानाच्या परतीच्या दिवशी संपण्याऐवजी आदल्या दिवशी संपतो; आखणीत व्हेनिस लिहिलेलं असतं आणि आरक्षण मिलानचं असतं. एक कोरा कागद घेऊन प्रत्येक तारखेसमोर ‘रात्रीचा मुक्काम कुठे’ एवढंच लिहा आणि बाकीचे सगळे कागद त्याच्याशी ताडून पाहा.

दुसरं कारण बँक खात्याचं. अर्जाच्या आठवडाभर आधी अचानक मोठी रक्कम जमा झालेली दिसली तर शंका येते. पगार किंवा धंद्याची नियमित आवक दिसणं जास्त महत्त्वाचं.

इटलीसोबत दुसराही देश करणार असाल तर ज्या देशात जास्त रात्री, त्याचा व्हिसा. रात्री समान असतील तर जिथे पहिला प्रवेश, त्याचा.

विमानतळावर आता बोटांचे ठसे घेतात का?

हो. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि ठसे नोंदवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पहिल्या नोंदणीला वेळ लागतो. त्यामुळे रोमला उतरल्यानंतरची रेल्वे विमानाच्या वेळेपासून किमान तीन तासांनंतरची घ्या.

रेल्वे आणि बस

रेल्वेची तिकिटं आधी काढायची की तिथे?

गाडी कोणती यावर ते ठरतं. वेगवान गाड्या, म्हणजे फ्रेच्चारोसा आणि इटालो, विमानासारख्या: आसन ठरलेलं, आणि जितक्या लवकर घ्याल तितकं स्वस्त. रोम-फ्लॉरेन्स सुमारे दीड तास, फ्लॉरेन्स-व्हेनिस दोन तासांहून थोडं जास्त. ही तिकिटं दीड-दोन महिने आधी घ्या, पण सर्वात स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत आणि गाडी चुकली तर ते वाया जातं. विमानातून उतरल्या दिवसासाठी थोडं महाग, बदलता येणारं तिकीट घ्या.

प्रादेशिक गाड्यांचा, म्हणजे ‘रेजिओनाले’चा, दर ठरलेला असतो. आधी घेऊन काही वाचत नाही. स्टेशनवर पोचून घ्या.

तिकीट काढलेलं असूनही दंड झाला असं ऐकतो. का?

प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ उमटवावी लागते. ती नसेल तर त्या तिकिटावर पुन्हा प्रवास करता येईल, म्हणून तपासनीस त्याला न वापरलेलं तिकीट समजतो. यंत्र खांबाला किंवा भिंतीला लावलेलं असतं. तिकीट डाव्या कडेला टेकवून आत सरकवलं की खट् आवाज येतो आणि कडेला बारीक अक्षरं छापली जातात. आवाज आला पण छपाई दिसली नाही तर शाई संपलेली असते; दुसऱ्या यंत्रावर जा. सगळीच बंद असतील तर गाडीत चढताच तपासनीस आपल्याकडे येण्याची वाट न बघता आपण होऊन त्याला गाठा.

मोबाइलवरच्या प्रादेशिक तिकिटाचंही असंच. गाडी सुटण्याआधी चेक-इन करावं लागतं. वेगवान गाड्यांना यातलं काही लागत नाही.

संप झाला तर?

इटलीत वाहतुकीचे संप होतात आणि ते आधी जाहीर करावे लागतात. सूचनेत ‘शोपेरो’ हा शब्द दिसला की तारीख पाहा. कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत प्रादेशिक गाड्यांची किमान सेवा राखलेली असते. शहर बदलायच्या दिवशी संप असेल तर सकाळी सहाची गाडी धरा. विमान पकडायचं असेल तर आदल्या दिवशीच त्या शहरात पोचलेलं बरं.

गाडी भाड्याने घ्यावी का?

या चार शहरांसाठी नको. जुन्या भागांना ‘झेड-टी-एल’ म्हणजे मर्यादित वाहतुकीचा विभाग असतो. प्रवेशावर कॅमेरा असतो, अडवायला कुणी नसतं, आणि गाडी आत गेल्याचं चालवणाऱ्याला कळतही नाही. गल्ली चुकून तीनदा आत-बाहेर झालं की तीन दंड. नोटीस काही महिन्यांनी घरी येते आणि भाड्याची कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याचे पैसे कार्डावरून वेगळे कापते. टस्कनीतली, म्हणजे फ्लॉरेन्स-सिएनाच्या प्रांतातली, खेडी पाहायचीच असतील तर फक्त तेवढ्या दोन दिवसांसाठी गाडी घ्या, शहराबाहेर लावा, आणि भारतातून निघण्यापूर्वी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. नुसता भारतीय परवाना तिथे चालत नाही.

सिएनाला रेल्वेने जावं की बसने?

फ्लॉरेन्सहून बसने. सिएना टेकडीवर आहे आणि रेल्वे स्टेशन खाली आहे. स्टेशनवरून समोरच्या मॉलमधल्या सरकत्या जिन्यांची लांबलचक रांग चढून वर यावं लागतं. १३१ क्रमांकाची जलद बस सव्वा तासात थेट जुन्या शहराच्या कडेला सोडते. तिथून मुख्य चौक दहा मिनिटांवर. बस निवडताना ‘रापिदा’ पाहा. दुसरी बस गावागावांत थांबत जाते.

फ्लॉरेन्स

कोणती तिकिटं आधी काढलीच पाहिजेत?

तीन: उफिझी आणि आकादेमिया ही कलासंग्रहालयं, आणि कॅथेड्रलचा घुमट.

उफिझी आणि आकादेमिया दोन्ही सोमवारी बंद असतात. त्यामुळे रविवार-सोमवार असा दोन दिवसांचा मुक्काम आखलात तर सगळा भार रविवारी येतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात. ऐकायला छान, पण त्या दिवशी आगाऊ आरक्षण नसतं आणि रांग तासन् तास. उफिझीचं तिकीट २५ युरो आणि आरक्षणाचे ४ युरो. हे चार युरो पूर्ण सहलीतले सर्वात सत्कारणी लागणारे समजा. शोधताना आधी दलालांची संकेतस्थळं वर येतात, तीच वेळ दीडपट किमतीत विकतात. सकाळी सव्वाआठची पहिली वेळ घ्या आणि थेट चित्रकार बोत्तिचेल्लीच्या दालनात जा. नऊनंतर तिथे गटांची भिंत उभी राहते.

घुमटासाठी ३० युरोंचा ब्रुनेलेस्की पास लागतो. पास तीन दिवस चालतो, पण घुमटावर चढायची तारीख आणि वेळ घेतानाच ठरवावी लागते आणि नंतर बदलत नाही. हंगामात ती दोन-तीन आठवडे आधी संपते.

घुमट चढणं ज्येष्ठांना झेपेल का?

४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि मधून परत फिरायला जागा नाही. १४३६ मध्ये पूर्ण झालेला हा घुमट एकात एक अशा दोन कवचांचा आहे. वाट त्या दोन कवचांच्या मधून जाते, म्हणून वर जाता-जाता भिंत अंगावर कलत येते आणि शेवटचा टप्पा शिडीसारखा उभा होतो. गुडघे, हृदय किंवा बंद जागेची भीती यांपैकी काही असेल तर चढू नये. त्याऐवजी नदीपलीकडच्या पियाझाले मिकेलांजेलोवर बसने जा. पूर्ण शहर घुमटासकट तिथून दिसतं. घुमटावर चढल्यावर एक घुमटच दिसत नाही.

चढायचंच आहे पण घुमटाची वेळ मिळाली नाही, तर शेजारच्या जोत्तोच्या मनोऱ्याला ४१४ पायऱ्या आहेत आणि मध्ये थांबून दम घ्यायला मजले आहेत.

कोल्हापूरच्या महाराजांचं स्मारक फ्लॉरेन्समध्ये आहे हे खरं का? ते कसं शोधायचं?

खरं आहे, आणि मराठी माणसाने त्यासाठी अर्धा दिवस नक्की काढावा. कोल्हापूरचे राजाराम महाराज इंग्लंडच्या प्रवासाहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. विशीतलं वय. हिंदू रीतीप्रमाणे नदीकाठी दहन करायला नगरपालिकेने परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये त्याच जागी छत्रीखाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा बसवला गेला. मोत्याच्या माळा, फेटा, सगळं रंगवलेलं. पुढे जवळ बांधलेल्या मोठ्या पुलालाही ‘इंदियानो’, म्हणजे ‘भारतीय’, असंच नाव मिळालं.

जागा कास्चिने उद्यानाच्या पार पश्चिम टोकाला आहे, आणि चूक इथेच होते. ट्राम टी-१ च्या ‘कास्चिने’ थांब्यावर उतरणारे समजतात की पोचलो, पण तो उद्यानाचा पूर्वेकडचा भाग. तिथून नदीच्या काठाकाठाने झाडांखालून पाऊण तास चालावं लागतं. वाट सपाट आहे. सायकल घेतली तर पंधरा मिनिटं. कुणाला विचारायचं झालं तर ‘मोनुमेंतो अल्ल इंदियानो’ म्हणा. सकाळी जा. अंधार पडल्यावर उद्यानाचा तो भाग सुनसान असतो. मंगळवारी सकाळी उद्यानात मोठा आठवडी बाजार भरतो, तो जाता-जाता पाहता येईल.

सिएना, लुक्का, पिसा

सिएनाची घोड्यांची शर्यत पाहण्यासारखी आहे का?

‘पालियो’ २ जुलै आणि १६ ऑगस्टला होतो. शहराच्या १७ मोहल्ल्यांपैकी दहा धावतात आणि शर्यत दीड मिनिटाच्या आसपास संपते. शर्यत ज्या मुख्य चौकात होते त्याच्या मध्यभागी उभं राहायला तिकीट नाही, पण दुपारीच आत जावं लागतं, मग वाटा बंद होतात. उन्हात चार-पाच तास, सावली नाही, स्वच्छतागृह नाही. लहान मुलं आणि ज्येष्ठ सोबत असतील तर हा बेत करू नका. शर्यतीच्या आधीचे तीन दिवस सराव-फेऱ्या होतात. तेव्हा गर्दी कमी असते.

ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ सिएनासाठी आणखी एका कारणाने चांगला. कॅथेड्रलची संगमरवरी चित्रांची जमीन बाकीचं बरंचसं वर्ष झाकलेली असते, ती साधारण या दिवसांत उघडी ठेवतात. नेमक्या तारखा दरवर्षी जाहीर होतात.

लुक्का एका दिवसात होतं का?

आरामात. फ्लॉरेन्सहून प्रादेशिक गाडीने एक तास वीस मिनिटं. शहराभोवतीचा तट शाबूत आहे, वर रुंद सपाट रस्ता आणि झाडं आहेत, आणि पूर्ण फेरी सव्वाचार किलोमीटरची. स्टेशनसमोरच्या दरवाजातून आत गेलं की सायकली भाड्याने मिळतात. मुलांना या सहलीत सर्वात आवडणारी जागा बहुधा हीच ठरते.

परतताना पिसा करावं का?

लुक्काहून अर्ध्या तासावर आहे, तेव्हा करा. मनोऱ्याच्या जवळचं स्टेशन ‘पिसा सान रोस्सोरे’, मुख्य स्टेशन नव्हे. वर चढायला २० युरो, ठरलेली वेळ, सगळ्या पिशव्या खाली जमा कराव्या लागतात आणि आठ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. ही शेवटची अट माहीत नसल्यामुळे अनेक कुटुंबांची दारात पंचाईत होते.

व्हेनिस

शहरात शिरायलाच पैसे द्यावे लागतात का?

दिवसापुरते येणाऱ्यांना, वर्षातल्या ठरावीक गर्दीच्या तारखांना. २०२४ मध्ये हे सुरू झालं. २०२५ मध्ये अशा ५४ तारखा होत्या: सकाळी साडेआठ ते दुपारी चारच्या दरम्यान येणाऱ्याला चार दिवस आधी भरले तर ५ युरो, ऐनवेळी १०. शहरात रात्री राहणाऱ्यांना हा कर नाही, पण सवलतीची नोंद संकेतस्थळावर करून क्यूआर कोड जवळ ठेवावा लागतो. स्टेशनबाहेर तपासतात.

वापोरेत्तोचा (कालव्यांतल्या प्रवासी बोटीचा) पास घ्यावा का?

७५ मिनिटांचं एक तिकीट ९.५० युरो, चोवीस तासांचा पास २५, बहात्तर तासांचा ४५. म्हणजे दिवसात तीन फेऱ्या झाल्या की पास परवडतो. पास घेतल्या क्षणी सुरू होत नाही, पहिल्यांदा यंत्राला टेकवल्यावर होतो. म्हणून आलेल्या दिवशी एकदाच बोट वापरून हॉटेल गाठा, चालत फिरा, आणि पास दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करून त्याच चोवीस तासांत मुरानो-बुरानो ही बेटं उरका. विमानतळाची बोट या पासात येत नाही.

क्रमांक १ ची बोट ग्रँड कॅनॉलवरून प्रत्येक थांबा घेत जाते. ती स्टेशनवरून न धरता पियाझाले रोमाहून धरा. एक थांबा आधी चढल्याने बसायला जागा मिळते.

गोंडोला किती घेतो?

दर ठरलेला आहे: दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांचे ११०. हा दर नावेचा आहे, माणशी नाही. पाच जणांपर्यंत वाटून घेता येतो. बसण्यापूर्वी रक्कम आणि मिनिटं दोन्ही बोलून घ्या. नुसतं एकदा बसायचं समाधान हवं असेल तर ग्रँड कॅनॉल ओलांडणारी ‘त्रागेत्तो’ दोन युरोंत पलीकडे नेते.

सामानाचं काय करायचं?

व्हेनिसमध्ये चाकांची मोठी बॅग म्हणजे शिक्षा. शेकडो पूल, आणि बहुतेकांना दोन्ही बाजूंनी पायऱ्या. हॉटेल निवडताना नकाशावरचं अंतर पाहू नका. ‘जवळचा बोटीचा थांबा कोणता आणि तिथून मध्ये किती पूल’ असं हॉटेलला लिहून विचारा. माणशी एक मध्यम बॅग, जी भरलेली असताना एका हाताने उचलून वीस पायऱ्या चढता येईल. घरी जिन्यावर करून पाहा.

पाणी भरतं तेव्हा शहर बंद होतं का?

पूर्वीइतका त्रास आता नाही. ऑक्टोबर २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी ‘मोझे’ हे उचलते बांध मोठी भरती आली की वर येतात. सेंट मार्क चौक सर्वात सखल असल्याने तिथे कमी भरतीतही पाणी दिसू शकतं. दोन-तीन तासांत ते ओसरतं.

खाणं

शाकाहारी माणसाचं कसं होतं?

बरं होतं, पण ‘भाज्यांचं आहे’ म्हणजे शाकाहारी असं धरू नका. सूप आणि रिसोत्तो बहुतेकदा मांसाच्या पाण्यात शिजतात, म्हणून ‘सेन्झा ब्रोदो दि कार्ने’ हे वाक्य पाठ ठेवा. पार्मेझान आणि पेकोरिनो चीज वासरा-कोकराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी ‘सेन्झा फोर्माज्जो’ सांगावं. काही भाजलेल्या पोळ्या-पावांत ‘स्त्रुत्तो’, म्हणजे डुकराची चरबी, असते.

निर्धास्त मागवण्याजोगं: पिझ्झा मारिनारा (टोमॅटो, लसूण, चीज नाही), टोमॅटो-पावाचं घट्ट ‘पाप्पा अल पोमोदोरो’ (ब्रोदो विचारून), आणि सिएनाकडचे ‘पिची आल्ल आल्योने’, जाड हाताने वळलेल्या शेवया, बहुधा अंड्याविना. लुक्का-पिसाकडे ‘चेचिना’ मिळते: हरभऱ्याच्या पिठाचं, भट्टीत भाजलेलं, थेट आपल्या बेसनाच्या धिरड्यासारखं. वर मिरपूड घालून गरम खायचं. जैन मंडळींना कांदा-लसूण टाळणं अवघड जातं. त्यांनी छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी.

सुपरमार्केटमध्ये फळं-भाजी निवडताना तिथला प्लास्टिकचा हातमोजा घालतात. खोक्यावरचा क्रमांक लक्षात ठेवून वजनकाट्यावर दाबायचा, चिकटपट्टी निघते ती पिशवीला लावायची. हे न करता गल्ल्यावर गेलात तर मागची सगळी रांग खोळंबते.

बिलात न मागितलेली रक्कम का असते?

ती ‘कोपेर्तो’: माणशी दीड ते तीन युरो, टेबल आणि पावासाठी. मेनूवर छापलेली असते. ती दिल्यावर वेगळी टीप द्यावीच असं नाही. कॉफी उभ्याने प्यायली तर सव्वा-दीड युरो, बसून त्याच्या दुप्पट-तिप्पट. सेंट मार्क चौकात वाद्यवृंद वाजत असेल तर त्याचेही पैसे लावतात. पाणी विकत घेऊ नका. रस्त्यावरच्या नळांचं पाणी पिण्याजोगं असतं.

जेवणाच्या वेळा मात्र पाळा. दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर. मधल्या वेळात उघडी असलेली हॉटेलं प्रवाशांसाठीची असतात आणि तिथे कमी चवीला जास्त पैसे पडतात.

पैसे, नियम, अडचणी

कार्ड चालतं का? रोख किती ठेवावी?

कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर आणि टॅप करून पैसे देणं, दोन्ही सुरू करा. दुसरं विसरलं की ट्राममध्ये अडतं. यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर नेहमी युरो निवडा. रुपये निवडले की समोरचा विक्रेता किंवा एटीएम आपला दर लावतो आणि तो वाईट असतो. दोन माणसांना दहा दिवसांसाठी दोन-तीनशे युरो रोख पुरतात: सार्वजनिक शौचालयं, छोटी दुकानं आणि हॉटेलचा नगरकर. हा कर माणशी, दर रात्री लागतो (फ्लॉरेन्समध्ये दर्जानुसार ८ युरोपर्यंत) आणि आरक्षणाच्या रकमेत बहुधा धरलेला नसतो.

कशाबद्दल दंड होतो?

व्हेनिसमध्ये पुलांच्या किंवा चर्चच्या पायऱ्यांवर बसून डबा खाणं, कबुतरांना दाणे टाकणं, कालव्यात पाय सोडणं. रस्त्यावर चादर पसरून विकली जाणारी नकली ब्रँडची पर्स घेणाऱ्यालाही दंड आहे, ३०० युरोंपासून. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बिनबाह्यांचा कुर्ता असेल तर ओढणी सोबत ठेवा.

पासपोर्ट चोरीला गेला तर काय करायचं?

आधी जवळच्या पोलीस ठाण्यात ‘देनुंचा’, म्हणजे लेखी तक्रार, नोंदवून शिक्का असलेली प्रत घ्या. तिच्याशिवाय पुढे काहीच हलत नाही, विम्याचा दावाही नाही. मग रोमचा भारतीय दूतावास किंवा मिलानचा वाणिज्य दूतावास गाठा. तुमचं शहर कुणाकडे येतं हे फोनवर विचारूनच निघा. परतीपुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी पासपोर्टची आणि व्हिसाच्या पानाची छायाप्रत, दोन फोटो आणि परतीचं तिकीट लागतं, म्हणून या प्रती पासपोर्टपासून वेगळ्या बॅगेत आणि मेलमध्येही ठेवा. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२.

चोऱ्या बहुतेक दोन ठिकाणी होतात: गाडीत सामान चढवताना दाराशी, आणि गच्च भरलेल्या वापोरेत्तोत. पाठीवरची पिशवी दोन्ही वेळा पोटाशी घ्या.